मधलं अंगण

मॅडम चपला काढून त्या लांबट खुर्चीत सरळ आडव्या झाल्या, तसा डायलिसिसचा सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला.

"अहो, काय होतंय तुम्हाला?" सिस्टर धावत आली.

"काही नाही. बघतेय."

"काय?"

"इथून काय दिसतं ते."

शेजारच्या खुर्चीत हाताला दोन नळ्या लावून पडलेला माणूस हसला. "नवीन पेशंट दिसतायत. सिस्टर, चौकशी नंतर करा, आधी सुई टोचून घ्या. पळून जातील."

त्या माणसाची बायको मॅडमची पर्स हातात धरून भिंतीशी उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला नवरा आणि आपल्या ऑफिसच्या मॅडम एका खोलीत, आणि नवऱ्याची जीभ नेहमीसारखीच सैल. पण मॅडम रागावल्या नाहीत. त्या छताकडे बघत होत्या.

"थंडी वाजतेय मला," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"एसी बरोब्बर डोक्यावर आहे," तो म्हणाला. "त्यात आमचं रक्त बाहेर त्या यंत्रात फिरून येतं. येताना गारेगार होऊन येतं. म्हणून तर उन्हाळ्यातसुद्धा दोन-दोन पांघरुणं."

"चार तास तुम्ही बघता काय?"

"हे छतच. भिंतीकडे बघायचं तर मान वळवावी लागते आणि हात हलला की यंत्र बोंबलतं. ही ट्यूबलाइट बघायची. मध्येच लुकलुकते, तेवढीच करमणूक."

तेवढ्यात त्या खुर्चीचा खरा मालक वजन करून आला आणि मॅडमना उठावं लागलं. उठताना त्यांनी खुर्चीच्या हातावर क्षणभर हात ठेवला. मग म्हणाल्या, "ताई, चला. कळलं मला."

ऑफिसात तिला सगळे ताईच म्हणत. मॅडम आर्किटेक्ट होत्या. त्या जाड्या पेन्सिलीनं कागदावर फराटे मारायच्या आणि ताई त्या फराट्यांची स्वच्छ इमारत करायची. आधी तिरक्या टेबलावर, शाईनं, मग कॉम्प्युटर आल्यावर पडद्यावर. शाळा, बँका, घरं, कुणाची कुणाची दुकानं. एवढ्या वर्षांत तिनं किती दारं काढली असतील आणि किती जिने, पण इमारत कशी असावी याबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कधी तोंड घातलं नव्हतं. तिचं काम चोख होतं आणि संध्याकाळी वेळेवर घरी जाता येत होतं, यात ती खूश होती.

नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. आज या गावाला मुक्काम, उद्या त्या. मूलबाळ झालं नाही. त्याचं दोघांनी आपापल्या परीनं वाईट वाटून घेतलं आणि मग ते दुःख जुन्या सामानासारखं वर ठेवून दिलं. तो गाडीवरून आला की दोन दिवस सलग बोलायचा. घाटात काय दिसलं, नदीला पाणी कसं आलं होतं, पहाटे रस्त्यात कोल्हा कसा आडवा गेला. मग रक्तदाबानं त्याची मूत्रपिंडं निकामी केली, गाडी सुटली आणि एक दिवसाआड त्या जुन्या हॉस्पिटलच्या तळघराची वारी लागली. पूर्वी ती सामानाची खोली होती. होत्या त्या दोन खिडक्यांना आतून फळ्या ठोकलेल्या.

"सगळा जन्म पुढच्या काचेसमोर काढला," तो म्हणायचा, "आणि आता मला डिकीत टाकलंय."

म्हणूनच, एका संस्थेनं डायलिसिसचं नवं केंद्र बांधायचं ठरवलं आणि ते काम मॅडमकडे आलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं. "मॅडम, काढायच्या आधी एकदा तिथं येऊन बघाल का?"

मॅडम आल्या. आणि बघून दोघी बाहेर पडत होत्या, तेव्हा तळघराच्या जिन्यापाशी बाकावर बसलेली एक बाई मॅडमच्याही नजरेस पडली. चेहरा सुजलेला, मांडीवर पिशवी. सिस्टर दारातून डोकावली आणि म्हणाली, "आज सगळे आलेत हो." ती बाई "बरं बरं" म्हणाली, सिस्टरकडे बघून छानसं हसली, भिंतीला धरून उठली आणि हळूहळू जिना चढून गेली.

"कोण या?" मॅडमनी विचारलं.

"यांना इथं जागा नाही मिळालेली. लांबच्या हॉस्पिटलात मिळते, पण तिथलं प्रत्येक वेळी झेपत नाही. म्हणून इथं येऊन बसतात."

"बसून काय होतं?"

"एखादा पेशंट आला नाही तर यांना आत घेतात."

गाडीत बसल्यावर मॅडमनी किल्ली लावली आणि नुसत्याच बसून राहिल्या.

पुढचे दिवस मात्र आनंदात गेले. तसं पाहिलं तर ते दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. मॅडमनी कागदाच्या मधोमध एक मोठा चौकोन काढला आणि त्यात झाड काढलं. मधलं अंगण. अंगणाच्या तीन बाजूंना खुर्च्या, समोर काच आणि चौथ्या बाजूला सिस्टरची जागा, म्हणजे तिला सगळ्यांचे चेहरे दिसतील. वारा अंगावर येणार नाही, दिवा डोळ्यात जाणार नाही, शेजारच्याशी बोलावंसं वाटलं तर बोलता येईल आणि नाही वाटलं तर तोंड फिरवता येईल. मॅडम सांगत होत्या आणि ताई काढत होती.

काचेची कड किती उंचीवर ठेवायची, यावर गाडं अडलं. उभ्या माणसाला दिसतं ते पडलेल्या माणसाला दिसत नाही. त्या संध्याकाळी तिनं घरी नवऱ्याला खाटेवर उशा लावून त्या खुर्चीसारखं आडवं केलं आणि टेप घेऊन जमिनीपासून त्याच्या डोळ्यापर्यंत अंतर मोजलं.

"शवपेटीचं माप घेतेस की काय?"

"गप्प पडा हो जरा. हलू नका."

"बरं, समोर काय असणार आहे ते तरी सांग. मग न हलता पडतो."

"झाड."

"कसलं?"

"ठरलं नाही अजून. मॅडम म्हणतात, बारमाही हिरवं असावं."

"नको, नको. पानं गळणारं लाव. सारखं हिरवंगार झाड म्हणजे भिंतच ती, रंग तेवढा हिरवा. पानं गळतील, कोंब फुटतील, काहीतरी घडत राहील. माणूस दोन दिवसांनी येणार. आल्यावर त्याला काही नवं दिसायला पाहिजे की नको?"

दुसऱ्या दिवशी तिनं हे मॅडमना सांगितलं आणि मॅडमनी झाड बदललं. ती घरी आली ती जवळजवळ पळतच.

संस्थेच्या डॉक्टरांना नकाशे दाखवायचे होते तेव्हा मॅडम तिला बरोबर घेऊन गेल्या. डॉक्टर पन्नाशीचे, बोलायला मऊ, डोळ्यांखाली काळं झालेलं. त्यांनी प्रत्येक कागद नीट बघितला. अंगणाच्या चित्रापाशी ते बराच वेळ थांबले.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हे अंगण मला ठेवता येणार नाही."

"का?"

"या जागेत अजून किती खुर्च्या बसतील?"

मॅडमना उत्तर माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तरी दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, "तुमचे पेशंट वेळ पुरा व्हायच्या आत उठून जातात. यायचं टाळतात. मी त्या हॉलमध्ये जेमतेम पाच मिनिटं पडले होते, मला रडू यायला लागलं. उजेड दिसला, झाड दिसलं की माणसाची झोप सुधारते, दुखणं सोसतं. हे मी मनचं सांगत नाही. तुम्हालाही ठाऊक आहे."

"आहे ना. मी स्वतः दिवसभर त्याच हॉलमध्ये असतो." डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुम्ही आत असलेल्यांचा विचार केलात. मनापासून केलात. पण मला रोज सकाळी बाहेर बसलेल्यांना नाही म्हणायला लागतं. एकेकदा वाटतं, मागच्या दारानं यावं." त्यांनी चष्मा परत चढवला. "पेशंटनाच विचारा तुम्ही. ते अंगण म्हणाले तर मी अंगण म्हणेन."

येताना ती गाडीत डॉक्टरांवर मनातल्या मनात चिडत राहिली. एवढं सुंदर आहे म्हणायचं आणि वर नाही म्हणायचं. खुर्च्या तर काय, कुठंही बसतात. पण पेशंटना विचारा म्हणाले, ते बरं झालं. तिच्या घरातच पेशंट होता आणि तो काय म्हणणार, याची तिला खात्री होती.

नवरा गॅलरीत बसला होता. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे तोंडात बर्फाचा खडा घोळवत होता.

"अंगण काढून टाका म्हणतात," ती म्हणाली.

"का?"

"खुर्च्या वाढवायच्यात. पेशंटना विचारा म्हणाले. आता तुम्हीच सांगा त्यांना, चांगलं ठणकावून."

त्यानं बर्फ या गालातून त्या गालात घेतला. "किती माणसं जास्त बसतील?"

"बसतील बरीच. तुम्हाला काय करायचंय?"

"मग काढ."

"काय?"

"काढून टाक अंगण."

तिला आधी वाटलं, तो चेष्टा करतोय. मग तिनं त्याचा चेहरा बघितला. तो चेष्टा करत नव्हता.

"मी ते कुणासाठी..."

"माझ्यासाठी. कळत नाही का मला? टेप लावून डोळे मोजलेस त्याच दिवशी कळलं." तो हळूच म्हणाला. "बस इथं जरा. अगं, गाडी कितीही भरलेली असू दे, मी थांबा कधी सोडला नाही. कंडक्टर शिव्या घालायचा. आतले पॅसेंजर तर त्याहून जास्त घालायचे, जागा कुठंय म्हणून. पण न थांबता गाडी पुढं नेली ना, की थांब्यावरच्या माणसाचं तोंड आरशात दिसतं. आतल्यांना नाही दिसत. ड्रायव्हरला दिसतं."

"ते वेगळं."

"ती बाई बाकावर बसते बघ. मी आत शिरताना माझ्याकडे बघून हसते. वाईट मनात काही नसतं तिच्या. पण ती बघत असते, हा आलाय का." त्यानं बर्फ चावून टाकला. "आणि मी दर वेळी येतो."

"मग काय, येऊ नका?" ती ओरडली. "जीव द्या तिच्यासाठी!"

"तसं कुठं म्हटलं मी? मला जगायचंय. माझ्या खुर्चीत बसूनच जगायचंय. पण माझ्यासमोर एक झाड आणि त्या बाईखाली तो बाक, हे नाही जमायचं मला बघायला."

ती स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याजवळ काही मागितलं नव्हतं, काही दिलंही नव्हतं म्हणा, म्हणजे असं स्वतःच्या हातानं केलेलं. आणि पहिल्यांदा काही देऊ केलं, तर त्यानं ते असं दुसऱ्याला देऊन टाकलं. याचं तिला दुःख जास्त होतं की राग, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

सकाळी ऑफिसात ती म्हणाली, "मॅडम, ते म्हणाले, अंगण काढा."

मॅडमनी मान वर केली. "तुम्ही काय म्हणता?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. तिनं पडद्यावरच्या झाडाकडे बघितलं.

"काढूया," ती म्हणाली.

पडद्यावर तिनं झाड निवडलं आणि पुसलं. मग पायवाट, मग काच. वेळ कितीसा लागतो? त्या जागी खुर्च्यांच्या दोन ओळी आल्या. मग मॅडम उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आजूबाजूला नाही तर नाही. ती माणसं आडवी असतात, ताई. त्यांच्यासाठी वर बघू." आणि त्यांनी छपरातच लांबच लांब झरोके काढायला घेतले. एसी कोपऱ्यात गेला, ट्यूबलाइट भिंतीवर गेल्या आणि प्रत्येक ओळीच्या वर आकाशाची एक पट्टी आली. यात एकही खुर्ची कमी होत नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी सही केली.

पाया खोदला तेव्हा नवऱ्यानं रिक्षा करून जाऊन तो खड्डा बघितला. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा त्याला पायऱ्या चढवत नव्हत्या. पाय सुजायचे, धाप लागायची. हृदय दमलंय, डॉक्टर म्हणाले. पण तळघरात जायचं मात्र तो चुकवायचा नाही.

एका सकाळी ती त्याचा डबा भरत होती. बूट घालतो म्हणून तो बाहेरच्या खोलीत बसला होता. "झाले का घालून?" तिनं दोनदा विचारलं. मग ती बघायला आली. एक बूट त्याच्या पायात होता, दुसरा हातात. मान खुर्चीच्या पाठीवर टेकलेली.

तिनं हाका मारल्या, हलवलं. शेजारचे आले. कुणीतरी डॉक्टरला आणलं. त्यानं नाडी बघितली आणि नवऱ्याचे डोळे मिटवले. शेजारीण तिला जवळ घेऊन रडायला लागली, पण तिला रडू येईना. ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. त्याची वेळ झाली होती. सिस्टर वाट बघेल.

तिनं फोन लावला.

"ड्रायव्हरसाहेब निघाले का?" सिस्टर म्हणाली. "यंत्र लावून ठेवलंय मी."

"आज ते येणार नाहीत."

"का हो, बरं नाहीये?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला तो जिना दिसला, जिन्याखालचा बाक दिसला. तिनं श्वास घेतला.

"सिस्टर, त्या बाई बसल्यात का बाहेर?"

"कोण? हो, बसल्यात."

"त्यांना आत घ्या."

सिस्टर अगदी हलक्या आवाजात "घेते" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर ताईला रडू फुटलं.

ती बाई पुढं एकदा घरी आली. दारातच उभी राहिली. आत यावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मी त्या दिवशी आत गेले," ती म्हणाली. "मला वाटलं, गावाला गेले असतील. मी खूश झाले होते हो. आणि नंतर कळलं."

"या. बसा."

"आता ती खुर्ची मलाच दिलीय. कायमची."

"बरं झालं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला होता," ती म्हणाली. "आधीच येऊन गेला." आणि चहा टाकायला आत गेली. चहा तिनं न विचारताच अर्धा कप आणला.

नवं केंद्र सुरू झालं त्या दिवशी ती गेली नाही. पुढं काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "ताई, इमारत वापरात आलीय, एकदा जाऊन या. काय चुकलं ते आपल्याला कळायला हवं." तेव्हा ती टेप घेऊन दुपारची गेली.

हॉल भरलेला होता. ओळीनं खुर्च्या, यंत्रांची घरघर, कुणी झोपलेलं, कुणी हलक्या आवाजात बोलत पडलेलं. तिनं वर बघितलं. झरोक्यातून खरंच आकाश दिसत होतं, एक पांढरा ढग सावकाश निघाला होता. ती दाराजवळ उभी राहून बघत राहिली. सगळे वरच बघत होते असं नाही. बऱ्याच जणांचं लक्षही नव्हतं.

"ओ बाई," कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक म्हातारा म्हणाला. तिनं त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "इथल्याच का तुम्ही?"

"का, काय झालं?"

"कुणा शहाण्यानं हे भोक पाडलंय छताला? दुपारी ऊन सरळ डोळ्यात येतं. हात हलवता येत नाही, तोंड फिरवलं तर मान दुखते."

तिनं बघितलं. झरोक्याखाली बसवायचा पडदा अजून आला नव्हता. कललेलं ऊन भिंतीवरून घसरत येऊन बरोबर त्याच्या चेहऱ्यावर पडलं होतं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"चुकलं आमचं," ती म्हणाली. "पडदा लावून घेते उद्याच."

"उद्याचं उद्या. आता काय करू?"

सिस्टर चादर शोधायला आत गेली. ताई दोन पावलं पुढं सरकली आणि ऊन येत होतं त्या बाजूला, खुर्चीला अगदी चिकटून उभी राहिली. तिची सावली म्हाताऱ्याच्या कपाळावरून खाली गळ्यापर्यंत पडली. त्यानं डोळे किलकिले करून बघितलं.

"हां. आता बरं वाटलं," तो म्हणाला. "पण लगेच बाजूला नका होऊ."

"नाही होत."

त्याचा चेहरा सैल पडत गेला. सिस्टर चादर घेऊन आली, तेव्हा त्याला झोप लागली होती. चादर टांगायला स्टूल आणावं लागलं असतं, त्याचा आवाज झाला असता. ताईनं हातानंच खूण केली, राहू दे. आणि ऊन जसजसं सरकत गेलं, तशी तीही थोडी थोडी सरकत तिथंच उभी राहिली.